शांत स्वभावाची बाई

"निकुंभबाई, खरं सांगू? असा निकाल मी आजवर पाहिला नव्हता."

उपासनी साहेबांनी कम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. साहेब म्हणायचं, पण माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहानच असेल तो मुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर दहावीचा निकाल लागल्यासारखा आनंद. पडद्यावर रंगीत पट्टे होते आणि त्यांच्यासमोर मराठीत लिहिलं होतं. वरिष्ठांबद्दल आदर, अतिशय जास्त. संघर्ष टाळण्याकडे कल, अतिशय जास्त. तक्रार करण्याची प्रवृत्ती, नगण्य.

"नगण्य!" साहेबांनी तो शब्द पुन्हा वाचला. "इतक्या बायका बसल्या परीक्षेला. प्रत्येकीचं काही ना काही निघालंच. कुणी चिडखोर, कुणी संशयी. तुमचं काहीच नाही. अशीच शांत स्वभावाची बाई हवी होती आम्हाला."

मी हात मांडीवर ठेवून बसले होते. "बरं साहेब," एवढंच म्हणाले.

"सोमवारपासून या. सॉर्टिंग सेक्शनच्या इनचार्ज म्हणून."

दिंडोरी रस्त्यावरचा तो कारखाना वाटाणा, मका, फरसबी गोठवून पिशव्यांत भरायचा. मी आधी एका बिस्किट कंपनीत पॅकिंग सांभाळत होते. ती कंपनी गुजरातेत गेली आणि आम्ही सगळ्या घरी बसलो. त्यानंतर मी एका खासगी इस्पितळाच्या स्वागतकक्षासाठी अर्ज केला होता. तिथेही अशीच स्वभावाची परीक्षा होती. 'एखादी गोष्ट पटली नाही तर मी ती करत नाही', सहमत की असहमत? मी खरं ते लिहिलं. आठवडाभराने तिथल्या मॅडमनी फोन करून सांगितलं, तुमचा स्वभाव संघर्षप्रवण आहे. आमचे हे केवढे हसले होते! "हे कळायला त्यांना मशीन लागलं? मला विचारायचं ना!"

आता हा दुसरा निकाल मी घरी सांगितला, तेव्हा हे भाकरीचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"वरिष्ठांबद्दल आदर? तुला? दुसऱ्या कुणाचा कागद वाचला असेल त्यांनी."

"तुम्ही गप्प जेवा," मी म्हटलं.

चुलीशी माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. घरात गॅस होता, पण भाकरी त्या मागच्या अंगणात चुलीवरच करायच्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. म्हसरूळच्या त्या घरात त्या माझ्याआधी चौदा वर्षं आलेल्या. थोरले दीर तापट. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे. माई ताट उचलायच्या, मीठ घालून परत आणायच्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. पाहुण्यांत, सोयऱ्यांत सगळे म्हणायचे, बाई असावी तर अशी.

"चांगलं लिहिलंय की," माई म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.

कारखान्यात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की ती जागा रिकामी का झाली होती. माझ्याआधीच्या इनचार्ज बाई, शकुंतला पगारे, त्यांना काढलं होतं. कंपनीने बायकांना आणणारी बस बंद केली, तेव्हा त्या सगळ्यांना घेऊन फाटकासमोर बसल्या होत्या. बस परत सुरू झाली, पण बाई गेल्या. त्यानंतर कंपनीने पुण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून ही परीक्षा विकत घेतली. आता साधी झाडूवाली घ्यायची तरी आधी तिला कम्प्युटरसमोर बसवत.

माझ्या हाताखाली बायका होत्या त्या बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या, म्हसरूळमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. त्यांतली हिरा भोये माझी लाडकी. वीस-एकवीसची असेल. पट्ट्यावरून धावणाऱ्या वाटाण्यांतला पिवळा दाणा तिच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि तोंडही एक क्षण बंद राहायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती हमखास माझ्या शेजारी येऊन बसायची.

"बाई, आज काय आणलं?"

"तुझ्या डब्यात काय आहे ते आधी सांग."

"माझ्या डब्यात काल होतं तेच हाय."

मग माझा डबा मध्ये सरकायचा.

आमच्या हॉलची मागची भिंत कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून होती. थंडी तयार करायला अमोनिया वापरतात, त्याचे पाइप त्या भिंतीवरून गेलेले. त्या महिन्यात वास यायला लागला. नाकात झणझणायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. मी देखभालीच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, इथे थोडा वास असतोच." पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, सीझन संपल्यावर पाइप बदलणार आहेत. मग मी मॅनेजर घाटपांडे साहेबांच्या कानावर घातलं. ते हसून म्हणाले, "तुम्ही नवीन आहात. सवय होईल."

एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर पट्टा नुकताच सुरू झाला होता. एकदम भपकारा आला. कुणीतरी ओरडलं. बायका पदर तोंडाला लावून दाराकडे पळाल्या. हिरा भिंतीच्या अगदी कडेला होती. ती दोन पावलं चालली, खोकली आणि खाली बसली. मग आडवीच झाली. मी आणि मंदा गावित, आम्ही दोघींनी तिला बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं. उन्हात टाकलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते पण बघत नव्हते. ओठ निळे पडले होते. माझ्या स्वतःच्या घशात कुणी तिखट कोंबल्यासारखी आग होत होती.

कंपनीच्याच गाडीतून तिला नाशिकला नेलं. दुसऱ्या दिवशी कामानंतर मी गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी. घसा भाजलाय, फुप्फुसांना सूज आहे, डॉक्टर म्हणाले. हिराने मला खाली वाकायची खूण केली. आवाज असा फुटतच नव्हता.

"बाई," ती पुटपुटली, "मला काढतील का?"

"कशाला काढतील? तुझी काय चूक?"

तिने डोळे मिटले. तिची आई पेठहून आली होती. ती खाटेच्या पायथ्याशी बसून नुसती माझ्याकडे बघत होती. मी इनचार्ज होते ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. घाटपांडे साहेब होते, उपासनी साहेब होते. माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला.

"उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत," घाटपांडे म्हणाले. "इस्पितळाने कळवलं, त्यामुळे येणं त्यांना भाग आहे. आधी तुम्हालाच विचारतील. फार बोलायचं नाही. मंगळवारी अंगारकी होती. मुलीचा उपास होता. पोटात काही नाही, वर उन्हाळा, चक्कर आली. संपलं."

"आणि वास?" मी विचारलं.

"वास थोडा असतोच. तो त्यांनाही माहीत असतो."

"तिच्या औषधपाण्याचं?"

"उपासाने चक्कर आली तर त्यात कंपनी काय करणार? तरी माणुसकी म्हणून बघू काहीतरी." ते उपासनींकडे वळले. "बाईंचं काही टेन्शन नाही ना?"

"अजिबात नाही, सर," उपासनी म्हणाले. "यांचा रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय. बाई समजूतदार आहेत."

आमच्या ह्यांचं दुकान नीट चालत नव्हतं. मुलगा बारावीला होता. चहाचा कप माझ्या हातात थंड होत होता आणि मी त्यावर आलेल्या सायीकडे बघत होते.

"ठरलं तर मग," घाटपांडे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. मेश्राम नावाचे, विदर्भाकडचे. पन्नाशीचे, दमलेले दिसत होते. माझ्याआधी त्यांनी चार बायकांना विचारलं होतं, मंदालाही. चौघी खाली मान घालून बाहेर आल्या. मंदाने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी आत गेले. घाटपांडे तिथेच बसलेले, उपासनी दाराशी उभे.

"बसा बाई," मेश्राम म्हणाले. त्यांचं पेन आधीच कागदावर चाललं होतं. "त्या मुलीचा उपास होता म्हणतात."

"नाही साहेब."

पेन थांबलं नाही. ते 'हो' लिहूनच बसले असावेत. मग त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"उपास नव्हता तिचा."

घाटपांडे हसले. "बाईंच्या लक्षात नसेल. अर्धा कारखाना अंगारकी करतो."

"माझ्या लक्षात आहे," मी म्हटलं. "मंगळवारी दुपारी ती माझ्या शेजारी बसून जेवली. माझ्या डब्यातली वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली तिने. वर हिरव्या मिरचीचा ठेचा. अंगारकीला वांगं चालतं का हो, साहेब?"

मेश्राम साहेबांनी घाटपांड्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग झालं काय?"

"अमोनिया सुटला. महिनाभर वास येत होता. देखभालीला दोनदा सांगितलं. यांनाही सांगितलं." मी हात करून दाखवलं. "हे म्हणाले, सवय होईल."

"निकुंभबाई!" दारातून उपासनींचा आवाज आला. रागाचा नव्हे. पायरी चुकून माणूस पडताना ओरडतो तसा.

मेश्राम साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि ते उठले. "चला, कॉम्प्रेसर रूम दाखवा मला," ते घाटपांड्यांना म्हणाले. "आणि बाई, तुम्ही उद्या अकरा वाजता माझ्या ऑफिसला या. हेच सगळं लिहून द्या."

बाहेर पॅसेजमध्ये उपासनींनी मला गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही असं कसं केलंत? तुमची टेस्ट... तुमच्या टेस्टमध्ये तर असं काहीच नव्हतं!"

"टेस्टच्या दिवशी मला नोकरी हवी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे ती उत्तरं माझी नव्हती, साहेब. माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत घरी. कधी कुणाला उलटून बोलत नाहीत. प्रत्येक प्रश्न वाचला की मी विचार करायची, इथे माई काय म्हणाल्या असत्या? आणि ते लिहायची."

"तुम्ही फसवलंत आम्हाला."

"हो. फसवलं. मागच्या ठिकाणी खरं लिहिलं तर दारातूनच परत पाठवलं मला. तुम्हाला कशी बाई हवी ते त्या प्रश्नांतच लिहिलेलं असतं. मी दिली तशी लिहून."

त्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. एकटेच. घाटपांड्यांनी पाठवलं असणार. आमचे हे दुकानातून आले नव्हते, दीर ओसरीत पेपर वाचत होते; कारखान्यातलं मी तोवर फक्त माईंना सांगितलं होतं. मी उपासनींना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, उद्या अकराच्या आत काहीतरी ठरवायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही एवढंच लिहून द्या की तुमचा दिवसांत घोटाळा झाला. डबा सोमवारी खाल्ला असेल. नोकरी राहील. मी शब्द देतो. नाहीतर माझ्याही हातात काही राहणार नाही."

"माझा घोटाळा झालेला नाही."

दिरांनी पेपर खाली ठेवला. "काय भानगड आहे?"

उपासनींनी सांगितलं. ऐकता ऐकता दिरांच्या कपाळावरची शीर फुगली. "हेमा, शहाणपणा पुरे! लाख मिनतवारीने नोकरी मिळाली. दे काय पाहिजे ते लिहून."

तेवढ्यात माई चहा घेऊन बाहेर आल्या. उपासनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं असावं, ह्याच त्या. ते चक्क उठून उभे राहिले.

"काकू, तुम्हीच समजवा यांना. यांनी आमच्या परीक्षेत तुमची उत्तरं लिहिली होती. सगळ्यांत उत्तम निकाल आला. म्हणजे खरं तर तो तुमचाच निकाल. तुम्ही असता तर हा प्रश्नच आला नसता."

माईंनी चहाचा ट्रे स्टुलावर ठेवला. "माझी उत्तरं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"कसले प्रश्न होते?" त्यांनी उपासनींना विचारलं.

"साधेच. म्हणजे... 'वरिष्ठ चुकत असले तरी त्यांच्याविरुद्ध बोलणे अयोग्य आहे.' सहमत की असहमत?"

"आणि हिनं काय लिहिलं?"

"पूर्णपणे सहमत."

माईंनी पदराने हात पुसले.

"मला विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

"अं?"

"आत्ता विचारा. मला."

उपासनींनी गोंधळून दिरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग शाळेत प्रश्न विचारावा तसा तो प्रश्न पुन्हा म्हटला.

"असहमत," माई म्हणाल्या. आवाज तोच, नेहमीचा, खालच्या पट्टीतला. "मी बोलत नाही म्हणजे मला पटतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? या घरात मला पटलेल्या गोष्टी मी एका हाताच्या बोटांवर मोजीन."

दीर म्हणाले, "अगं, तू आत जा."

"जाते. हे पोरगं चहा घेऊन निघालं की जाते." त्या उपासनींकडे वळल्या. "ती मुलगी कुठे आहे, हिरा? सिव्हिलला की खासगीत?"

"खासगीत," ते पुटपुटले.

"तिला गिळता येतं का काही?"

"मला... माहीत नाही."

"तुम्ही गेला नाहीत बघायला?"

उपासनी उभेच होते. त्यांनी चहा घेतला नाही. दारात चप्पल घालून ते निघाले.

ते गेल्यावर माई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुलाही तसंच वाटत होतं होय गं माझ्याबद्दल?"

वीस वर्षं एका घरात राहिले होते मी त्यांच्याबरोबर.

"उद्या अकराला जायचंय ना? मी येते. आधी त्या मंदाकडे जाऊ. आणखी कोण त्या? चौघी ना? घरं माहीत आहेत तुला?"

मागे दीर काहीतरी बडबडत होते. माईंनी त्यांचा गार झालेला चहा उचलला आणि न बोलता मोरीत ओतला.

सकाळी सातलाच आम्ही निघालो. मंदाच्या खोलीत तिची पोरं शाळेला निघत होती. ती दारातच म्हणाली, "बाई, मला नका सांगू. मला माहीत आहे मी काय केलं ते." माई उंबऱ्यावर बसल्या आणि मंदाच्या मुलीची वेणी घालायला लागल्या. घालता घालता म्हणाल्या, "तुझ्या घशाची आग थांबली का गं? हेमाची अजून थांबली नाही." मंदा रडायला लागली. अकराला इन्स्पेक्टरच्या ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा मंदा होती, आणि तिने वाटेत हाक मारून घेतलेली आणखी एक. उरलेल्या दोघी आल्या नाहीत. त्यांना मी आजही नावं ठेवत नाही.

मेश्राम साहेबांनी सगळ्यांचं लिहून घेतलं. मग माईंना विचारलं, "तुम्ही कारखान्यात काय काम करता?"

"काही नाही," माई म्हणाल्या. "मी हिच्या सोबत आलेय."

कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. पाइप बदलले, त्या भिंतीवर गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवला. हिराचा सगळा खर्च कंपनीने दिला, द्यावाच लागला. तिचा आवाज परत आला, जरा घोगरा झाला एवढंच. ती पुन्हा कारखान्यात गेली नाही. पेठला तिने लग्न केलं. आता तिकडच्या बाजारात भाजी विकते आणि अजून तेवढीच बडबड करते.

मला महिनाअखेरीस काढलं. पत्र पोस्टाने आलं. ह्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कारणात लिहिलं होतं, 'आपला स्वभाव या संस्थेच्या कार्यपद्धतीशी जुळणारा नाही.'

"म्हणजे काय?" माईंनी विचारलं.

"म्हणजे या वेळी बरोबर तपासलं त्यांनी," मी म्हटलं.